नखभर टवका

देसांकानं नेलपॉलिशची बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि तिथंच चुकलं. बाटली पर्समध्ये राहिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नवी वस्तू घरात आली की ती आधी टेबलावर ठेवायची, सगळ्यांनी उलटीसुलटी करून बघायची आणि मग तिच्या किमतीवरून वाद घालायचा, ही त्या घरची जुनी रीत होती.

बाटली बोटभर होती. आतला रंग तांबूस लाल, घासूनपुसून उन्हात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, की हे मेटॅलिक आहे, दहा दिवस टिकेल आणि याचा टवका उडणार नाही.

"केवढ्याला?" बोरानं विचारलं. बोरा म्हणजे देसांकाचा नवरा. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा.

देसांकानं किंमत सांगितली. सांगताना थोडी कमी करूनच सांगितली, तरी पेर्सिदाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, हातातला चमचा खाली ठेवला.

"एवढ्या पैशांत कोकराची एक तंगडी आली असती."

"तंगडी आणलीय, आई. फ्रीजमध्ये आहे."

"मग दुसरी आली असती."

देसांकाला चिडायला एवढं पुरेसं होतं. ती पोस्टात खिडकीवर बसायची. सगळ्या गावाची पेन्शनं आणि पार्सलं तिच्या हातांतून जायची, आणि त्याबरोबर तिचं मतही बाहेर जायचं. कुठल्या साबणानं कपडे विटतात, कुठल्या तव्याचं काळं चार दिवसांत निघतं, हे गावातल्या बायका देसांकाला विचारूनच ठरवायच्या. आयुष्यभर तिनं प्रत्येक पैसा पारखून खर्च केला होता. पारखायची राहिली होती ती फक्त स्वतःसाठी घेतलेली एखादी महागाची वस्तू, कारण तशी ती कधी घेतलीच नव्हती. आजवर तिनं बाजारातलं सगळ्यात स्वस्त नेलपॉलिश लावलं, आणि ते संध्याकाळपर्यंत कणकेत उतरायचं. शेवटी शहरातल्या दुकानातली मुलगी म्हणाली, "काकू, एकदा चांगलं घेऊन तर बघा." देसांकानं घेतलं. पोस्टातल्या बायकांना सांगून टाकलं, "ईस्टर होऊ दे, मग सांगते पैसे वसूल झाले की नाही."

"नखांना पत्रा ठोकायला एवढे पैसे?" बोरा बाटली उजेडात धरून म्हणाला. "आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याचं म्हटलं की घरात पैसा नसतो."

"खुराड्याला नसतो. यंदाचे साठलेले पैसे माझ्या झऱ्यांसाठी आहेत."

हे झऱ्यांचं प्रकरण जुनं होतं. डोंगराकडच्या गरम झऱ्यांच्या गावी जाऊन आठवडाभर नुसतं पाण्यात बसायचं, स्वयंपाक करायचा नाही आणि कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही, असं देसांकाच्या मनात कित्येक वर्षं होतं. दर वर्षी काहीतरी निघायचं. एकदा छप्पर गळलं, एकदा ट्रॅक्टरचं इंजिन गेलं. यंदा बोराच्या डोक्यात नवं खुराडं शिरलं होतं.

"बरं, मग असं करू," बोरा म्हणाला. "हे तुझं पॉलिश ईस्टरच्या जेवणापर्यंत दहाच्या दहा नखांवर टिकलं, तर तू झऱ्यांवर जा. मी हूं की चूं करणार नाही. पण टवका उडाला, तर खुराडं. आणि पुन्हा माझ्या अंड्यांना नावं ठेवायची नाहीत."

"आणि ठरवणार कोण?"

"मी ठरवीन," पेर्सिदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चमचा उचलला. त्यांची ऐंशी उलटलेली होती, पण अंगणाच्या टोकाला पडलेला मक्याचा दाणा त्यांना खिडकीतून दिसायचा.

आता बोराच्या अंड्यांबद्दल सांगायला हवं. ईस्टरच्या सकाळी प्रार्थना संपली की गावातले पुरुष चर्चच्या आवारात रंगवलेली अंडी घेऊन उभे राहायचे आणि टोकाला टोक भिडवून अंडी आपटायचे. ज्याचं फुटलं तो हरला. लहान मुलांचा खेळ, पण तो मुलांकडून मोठ्यांनी कधीच काढून घेतला होता. गेली कित्येक वर्षं त्यात त्रिवुन जिंकत होता. हा त्रिवुन बोराचा कूम, म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार आणि मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलेला माणूस. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमशी येत नाही. त्यामुळे बोरा दर वर्षी हरायचा, हसून कूमला मिठी मारायचा आणि घरी येऊन कोंबड्यांवर खेकसायचा. ईस्टरच्या आधीचा आठवडा तो एकेक अंडं पुढच्या दातांवर वाजवून त्याचा आवाज ऐकत बसे. सकाळी उठून देसांका स्वयंपाकघरात यायची तर हा खिडकीशी डोळे मिटून उभा, तोंडाशी अंडं, आणि टिक, टिक, टिक.

गुरुवारी संध्याकाळी देसांकानं पॉलिश लावलं. शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, लावलं असतं तर सासूबाईंनी तिला घरात घेतलं नसतं. दोन हात दिले, मध्ये वाळू दिलं, पुन्हा एक हात दिला. बाटली अजून बरीच भरलेली होती. दहाही नखं अशी चमकत होती की तिनं दिव्याखाली हात नेऊन उगाचच केस सारखे केले.

शुक्रवारी सकाळी पेर्सिदाबाईंनी पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. "आज देवाला क्रुसावर चढवला, आणि हिच्या बोटांवर लग्नघर."

त्या दिवशी घरात खिळा ठोकायचा नाही, सुई हातात धरायची नाही, जेवणाला बिनतेलाच्या घेवड्याच्या बिया. करायचं काम एकच, अंडी रंगवायची. हिवाळाभर जमवलेल्या कांद्याच्या सालांनी भरलेलं पातेलं चुलीवर रटरटत होतं. देसांकानं हळूच ओट्याखालून रबरी हातमोजे काढले.

"हे काय?" पेर्सिदाबाईंनी विचारलं.

"हातमोजे, आई. पाणी कढत आहे."

"पहिलं अंडं घराची राखण करायला वर्षभर देवापाशी ठेवायचं असतं. ते रबराच्या हातानं रंगवणार? मग ते राखण कुणाची करील, रबराची?"

"आणि हातमोज्यांत टिकलं तर त्यात पॉलिशचं काय कौतुक?" बोरा दारातून म्हणाला. "परीक्षा म्हणजे परीक्षा."

मायलेकांचं एरवी कशावरही एकमत होत नसे. देसांकानं हातमोजे परत ओट्याखाली फेकले आणि कढत पाण्यात उघडे हात घातले. नक्षी उमटावी म्हणून अजमोद्याचं एकेक पान अंड्यावर चिकटवायचं, वरून जुन्या मोज्याचा तुकडा ताणून गाठ मारायची, अंडं सालांच्या पाण्यात सोडायचं, बाहेर काढून गाठ सोडायची, चरबीचा बोळा फिरवून चकाकी आणायची. हे सगळं तिनं रागारागानं केलं, नखांकडे न बघता. मग हात धुऊन, धीर करून बघितलं.

एकही टवका नव्हता. कांद्याच्या सालांनी बोटं पिवळी पडली होती, कातडी सुरकुतली होती, आणि त्या सगळ्या पडझडीत दहा नखं जशीच्या तशी झगमगत होती. देसांकाला इतका आनंद झाला की तिनं हात थेट नवऱ्याच्या नाकासमोर नेले.

"बघ. नीट बघ."

बोरानं चष्मा लावला. एकेक नख उजेडात फिरवून पाहिलं, चमच्याच्या दांड्यानं त्यावर टिचकी मारली आणि आवाज ऐकला. टोपलीतल्या अंड्यांकडे पाहिलं, पुन्हा नखांकडे पाहिलं. रंग तोच होता.

"वाळायला किती वेळ लागतो गं हे?" त्यानं विचारलं.

"दहा मिनिटं. का?"

"नाही, सहज. वस्तू चांगली दिसते."

बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिच्या एखाद्या खरेदीला चांगलं म्हटल्याचं देसांकाला आठवत नव्हतं. तिनं त्या रात्री मनातल्या मनात झऱ्यांवर न्यायची बॅगसुद्धा भरली.

शनिवारी दुपारी सगळं बिघडलं. ईस्टरच्या हॅमबरोबर खायला पेर्सिदाबाईंना ताजा किसलेला हॉर्सरॅडिश लागायचा. बाटलीतला चालत नसे. हे कंद किसताना मुळ्याला साधू म्हणावं इतके नाकात झणझणतात. देसांका डोळे मिटून, मान फिरवून, रडत रडत किसत होती. शेवटचा तुकडा हातातून निसटला आणि अंगठा किसणीवर गेला. रक्त आलं नाही. तिनं डोळे पुसून पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या नखाचं टोक उघडं पडलं होतं, अगदी मसुराएवढं.

"काय गं, काय झालं?" आतून पेर्सिदाबाईंचा आवाज आला.

"कापलं, आई. थोडंसंच." आणि तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळून टाकली.

उपाय सोपा होता. वरून एक हात मारायचा, दहा मिनिटं वाळू द्यायचं, कुणाला पत्ता लागला नसता. ती न्हाणीघरात गेली, दाराला कडी लावली आणि कपाटातून बाटली काढली. बाटली हलकी होती. उजेडात धरली तर तळापर्यंत आरपार दिसत होतं. ब्रश काचेवर घासून पाहिला, उलटी करून आपटून पाहिली, एक थेंब आला नाही.

देसांका टबच्या कडेवर बसली. कुणीतरी तिची बाटली रिकामी केली होती, आणि तिला ओरडता येत नव्हतं. ओरडली असती तर पहिला प्रश्न आला असता की तुला बाटली कशाला हवी होती. मग चिंधी सुटली असती, टवका दिसला असता आणि कोंबड्यांना नवं घर मिळालं असतं. स्वतःच्या घरात चोरी व्हावी आणि मालकिणीनंच तोंड दाबून बसावं, हा प्रकार तिला सहन होईना.

ती बाहेर आली आणि टेबलाशी बसलेल्या सासूबाईंच्या हातांकडे बघू लागली.

"काय बघतेस?"

"काही नाही, आई."

"माझी नखं बघतेस. या वयात मी नखं रंगवीन असं वाटलं तुला?" पेर्सिदाबाईंनी हात उलटे करून दाखवले. "पहिल्या महायुद्धात गेलेल्या माझ्या आजोबांना काय वाटेल?"

आजोबांचा काय संबंध हे देसांकानं विचारलं नाही. बोरा तर दिवसभर बाहेरच्या शेडमध्येच होता. जेवायला आला तेव्हा त्याला कसलातरी उग्र वास येत होता. विचारलं तर म्हणाला, "रॉकेल." हसायचं झालं तर ओठ मिटूनच हसत होता, आणि कुणी काही बोललेलं नसतानाही मध्येच हसत होता. दात दुखत असेल, असं देसांकाला वाटलं. तिचं लक्ष स्वतःच्या अंगठ्यावर होतं.

रविवारी सकाळी चर्चचं आवार भरून गेलं होतं. "ख्रिस्त उठला!" "खरंच उठला!" करत लोक एकमेकांचे मुके घेत होते. देसांका चिंधी बांधलेला अंगठा मुठीत लपवून उभी होती. पुरुषांचं रिंगण झालं. गावचे संसारी पाद्रीबाबा मध्ये उभे राहिले, कारण मागे एकदा लाकडाचं अंडं निघाल्यापासून पंच नेमायची वेळ आली होती. बोरानं कोटाच्या आतल्या खिशातून लोकरीचा मोजा काढला आणि मोज्यातून अंडं काढलं.

देसांकाच्या बायकी डोळ्याला एक क्षण पुरला. टोपलीतली बाकीची अंडी चरबीनं चकाकत होती. हे वेगळं चमकत होतं. तिनं मूठ उघडून आपल्या करंगळीचं नख पाहिलं, मग नवऱ्याच्या हातातलं अंडं पाहिलं. तिची अख्खी बाटली तिथं उभी होती.

"मेल्या," ती इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या बाईला तो आशीर्वाद वाटला.

बोराचं अंडं एकामागून एक अंडी फोडत सुटलं. गिरणीवाल्याचं फुटलं, शिक्षकाचं फुटलं, टपरीवाल्याचं तर पहिल्याच ठोक्याला बसलं. शेवटी समोर त्रिवुन उरला. धिप्पाड माणूस, हातात लालभडक अंडं, चेहऱ्यावर दर वर्षीचं प्रेमळ हसू.

"ख्रिस्त उठला, कूम!"

"खरंच उठला, कूम!" आणि त्रिवुननं ठोका दिला.

आवाज नेहमीचा आला नाही. 'टक्' यायला हवा होता, 'फस्' आला. बोराच्या अंड्याचं टोक आत गेलं. पण चीर पडली नाही.

"फुटलं!" त्रिवुन ओरडला.

"कुठं फुटलंय? चीर दाखवा, कूम."

पाद्रीबाबांनी अंडं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, दाढी खाजवली. "चीर नाही," ते म्हणाले. "चीर नाही म्हणजे फुटलेलं नाही. नियम आहे."

दुसरा ठोका पडला. अंड्याला दुसऱ्या टोकाला खळगा पडला. तिसऱ्या ठोक्याला त्याची कूस चेपली. आतल्या अंड्याचा पार भुगा झाला होता, ते आता उकडून विसरलेल्या बटाट्यासारखं दिसत होतं, पण बाहेर कुठं केसाएवढी रेघ नव्हती. चमक जशीच्या तशी होती. बोराला राहवेना. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो त्रिवुनसमोर हरत नव्हता. तो तोंड भरून हसला, आणि सकाळच्या उन्हात त्याचा पुढचा एक दात तांबूस झळकला.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"कूम," त्रिवुन जवळ येत म्हणाला, "हा दात कधी बसवलात?"

बोरानं तोंड मिटलं. पण अंडं दातांवर वाजवून पाहायची सवय आणि ओलं पॉलिश यांची भेट शनिवारी झालेली होती, आणि ते पॉलिश टूथब्रशनं निघणाऱ्यातलं नव्हतं. त्रिवुनची नजर दातावरून अंड्यावर गेली, अंड्यावरून गर्दीत फिरली आणि देसांकाच्या हातावर थांबली. त्यानं अदबीनं तिचं मनगट धरलं, पुढं आणलं आणि अंड्याशेजारी ठेवलं. रंग तोच, झाकही तीच.

"कूमा, हे काय आहे?" कूमच्या बायकोला कूमा म्हणायची पद्धत होती.

सगळं गाव बघत होतं. देसांकाला एका क्षणात काय काय दिसलं. उद्यापासून पोस्टाच्या खिडकीपलीकडे रोज हेच हसू. बोरा फसवा आणि ती फसव्याची बायको. 'हो, माझंच आहे' म्हणावं तर नवऱ्याची अब्रू जाते, 'नाही' म्हणावं तर देवाच्या दारात, ईस्टरच्या दिवशी, कूमला खोटं सांगायचं. आणि हे सगळं कुणामुळे, तर साठीला टेकलेल्या दोन माणसांना अंडी आपटून दाखवायची होती म्हणून! तिला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

"मी हा रंग मुद्दाम अंड्यांना शोभेलसा घेतला, कूम," ती म्हणाली. रंग अंड्यांना शोभत होता, एवढं तरी खरं होतं.

"आणि अंगठ्याला चिंधी?"

बोराची मान झटकन वळली. त्यानं चिंधी पाहिली आणि त्याला सगळं उमगलं. देसांकाला ते त्याच्या भुवयांवरून कळलं. तो आता बोलला असता तर खुराडं त्याचं होतं. ती त्याच्या अंड्याबद्दल बोलली असती तर तो गावातून उठला असता. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले.

"कापलंय तिचं," बोरा शेवटी म्हणाला. "किसणीवर. किसताना रडत होती बिचारी."

देसांका मान हलवणार, तेवढ्यात तिची नजर त्रिवुनच्या हातातल्या अंड्यावर पडली. गुरुवारपासून ती चमकेशिवाय दुसरं काही बघत नव्हती. चरबीची चमक मऊ असते, बोट फिरवलं की पुसट होते. त्रिवुनच्या अंड्यावर तीन ठोके बसले होते, त्याच्या तळव्याचा घाम लागला होता, आणि ते अजून काचेसारखं लखलखत होतं.

"कूम, जरा द्या बघू इकडं."

त्रिवुन द्यायला तयार नव्हता. पाद्रीबाबांनी डोळे वटारले तेव्हा दिलं. देसांकानं तर्जनीचं नख अंड्याच्या टोकाशी लावलं आणि हलकेच उचकटलं. एक पारदर्शक पापुद्रा सुटला, आणि ओढला तसा कांद्याच्या पातीसारखा सरळ निघत आला. तिनं तो उन्हात धरला. तिच्या नखाला काही झालं नव्हतं.

"अगं बाई!" गर्दीतून त्रिवुनची बायको मिलेवा किंचाळली. "माझं बिनरंगाचं पॉलिश! दर ईस्टरला बाटली संपते, आणि मी मेली सुनेवर आळ घेते!"

"मिलेवा, हे कुठून घेतलंस तू?" देसांकानं विचारलं.

"बाजारात, गाडीवरनं. दोनावर एक फुकट होती."

"तरीच," देसांका म्हणाली आणि तो पापुद्रा तिनं त्रिवुनच्या तळहातावर ठेवला. "स्वस्तातलं घेतलंत, कूम. निघतं ते."

हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. गावाच्याही आलं. सगळ्यांच्या माना एकदमच बोराच्या अंड्याकडे वळल्या.

"म्हणजे तुमचं महागातलं आहे?" त्रिवुननं विचारलं. त्यानं खिशातला चाकू काढला, बोराचं अंडं घेतलं आणि पात्यानं खरवडू लागला. आधी हळू खरवडलं, मग जोर लावून, मग जीभ दातांत धरून. काही निघालं नाही. एक कण निघाला नाही.

"आमचं निघत नाही," देसांका म्हणाली. "एवढंच म्हणते मी."

पाद्रीबाबांनी दोन्ही अंड्यांकडे पाहिलं, दोन्ही कूमांकडे पाहिलं, आणि सणाच्या दिवशी देवाच्या अंगणात जेवढं म्हणता येईल तेवढंच म्हणाले. त्या वर्षीचा विजय त्यांनी स्वतःच्या सासूबाईंच्या अंड्याला दिला. सासूबाई घरी झोपलेल्या होत्या. त्रिवुन आणि बोरा यांनी नेहमीप्रमाणे एकमेकांना मिठी मारली, कारण कूमशी भांडता येत नाही. पण मिठी जरा लांबूनच मारली.

घरी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले. कोकराची तंगडी वाढून झाली तशा पेर्सिदाबाई म्हणाल्या, "सूनबाई, हात दाखव."

देसांकानं हात टेबलावर ठेवले. चिंधी तशीच ठेवता आली असती. पण आजवर तिनं पोस्टाच्या खिडकीतून एकाही फुटक्या वस्तूला चांगली म्हटलं नव्हतं, आणि स्वतःच्या नखासाठी ती सुरुवात करावी असं तिला वाटेना. तिनं चिंधी सोडली. टवका खिडकीच्या उजेडात लख्ख दिसत होता. झालं, गेले झरे, असं मनाशी म्हणून तिनं मान खाली घातली.

बोरा वाकला. चष्मा लावला, अंगठा जवळ घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

"कुठाय टवका?" तो म्हणाला. "मला तर काही दिसत नाही."

"बोरा..."

"नाही म्हणजे नाही. आई, तुला दिसतोय का गं?"

पेर्सिदाबाईंनी मुलाच्या तांबूस दाताकडे पाहिलं, सुनेच्या अंगठ्याकडे पाहिलं. "मला या वयात कुठलं दिसायला," त्या म्हणाल्या आणि अंगणाच्या टोकाला चाललेल्या मांजराला खिडकीतून हाकललं.

देसांकाला एकदम भरून आलं. तिनं नवऱ्याच्या ताटात तंगडीचा मोठा तुकडा वाढला.

जेवणं झाल्यावर पेर्सिदाबाईंनी देवापाशी ठेवलेलं राखणीचं अंडं उचलून कोंबड्यांना टाकलं आणि त्या जागी बोराचं चेपलेलं अंडं ठेवलं. "एवढे दणके खाऊन हे फुटलं नाही," त्या म्हणाल्या. "घर राखायला असंच पाहिजे." देसांकानं येता-जाता त्याकडे बघायचं टाळलं. चौथ्या दिवशी तिच्या नखांवरचं पॉलिश सोलू लागलं, आठवड्यानं एकाही बोटावर रंग राहिला नाही. अंडं मात्र तसबिरीशेजारी झगमगत होतं, आणि बोराचा दातही.

जूनमध्ये ती झऱ्यांवर गेली. नुसती पाण्यात बसली, कुणाला ओ दिली नाही. पाचव्या दिवशी बोराचा फोन आला.

"देसा, घाबरू नकोस. आई ठीक आहे. पण ते अंडं फुटलं."

"पडलं?"

"नाही गं, आपोआप फुटलं. बार उडाला. चहूबाजूंनी पॉलिश, हवा जायला जागा नव्हती ना. आम्ही दोन दिवस शेडमध्ये झोपतोय. संताची तसबीर धुतली. पडदे जाळले."

देसांकानं फोन कानापासून दूर धरला, ठेवून दिला, आणि उरलेले दोन्ही दिवस पूर्ण पाण्यातच काढले.

घरी आल्यावर तिनं नाकाला रुमाल लावून कोपरा झाडला तेव्हा तसबिरीच्या मागे कवचाचा एक मोठा तुकडा सापडला. तिनं तो साबणानं धुतला, दारात नेला आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिला. मग रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोस्टाची खिडकी उघडली तर रांगेत सगळ्यात पुढं त्रिवुन. त्यानं पेन्शन घेतलं, पण जागचा हलेना. मागच्या बायकांकडे एक नजर टाकून तो खिडकीत वाकला.

"कूमा, ते तुमचं... महागातलं. घ्यावं का?"

देसांकानं पर्समधून रुमाल काढला आणि कवचाचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला. तो आतून काळा पडला होता. बाहेरून लखलखत होता, कुठं एक टवका नव्हता.

"नखांना लावायचं असेल तर नका घेऊ, कूम," ती म्हणाली. "पैसे वाया जातील."

त्रिवुननं तुकडा उचलला आणि हळूच पुढच्या दातांवर वाजवून पाहिला.

"नखांना नाही लावायचं," तो म्हणाला.

"मग घ्या. पैसे वसूल आहेत."